कुशाबाईच्या बियाण्याचं गाडगं

मित्रांनो, चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या कांद्याशी माझं नातं आहे असं सांगितलं तर तुम्ही हसाल, कारण मी आहे एक जुनं, काळपट, ओठाचा टवका उडालेलं मातीचं गाडगं. हसा, माझी हरकत नाही. पण या पंचक्रोशीतल्या कितीतरी शेतांतला कांदा एके काळी माझ्या पोटातून निघाला आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारावी असं माझ्याकडे आता काहीच उरलेलं नाही.

तळेगाव दाभाड्याच्या सोनबा कुंभाराने मला घडवलं. भट्टीत एका बाजूने जास्त आच लागली आणि मी काळा पडलो. गिऱ्हाइकं यायची, शेजारच्या लालबुंद मडक्यांना हात लावायची आणि मला ओलांडून पुढे जायची. कुशाबाई तेव्हा नवी नवरी होती. तिने मला उचललं, बोटाने टकटक वाजवून कान लावला आणि म्हणाली, "रूपाला काय करायचंय? पक्कं भाजलंय. बियाला हेच बरं."

तेव्हापासून माझं काम ठरलं. कुशाबाई आपल्या शेतातल्या गरव्या कांद्याचं बी स्वतः धरायची. गरवा म्हणजे उन्हाळ्यात निघणारा, टिकाऊ कांदा. तिचा कांदा चैत्रात चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपरात, भरला की दिवाळीपर्यंत हूं की चूं करत नसे. दिवाळीच्या सुमारास ती चाळीत बसून कांदे निवडायची. मान बारीक हवी, जोडकांदा नको, कोंब फुटलेला नको. शंभरातले पाच-सहाच तिच्या पसंतीस उतरायचे. एवढ्या चोखंदळपणे तर लोक सोयरीकही जमवत नाहीत! ते निवडक कांदे ती पुन्हा जमिनीत लावायची. माघात त्यांना पांढरे गोंडे यायचे, त्यांवर मधमाश्या नुसत्या घोंगावायच्या. उन्हाळ्यात गोंडे वाळले की त्यांतून काळंभोर बी निघायचं. ते राखेत घोळून माझ्या पोटात, वर कडुनिंबाचा पाला, फडकं आणि शेणमातीचा लेप. मग मी गप्प बसायचो फळीवर, दिवाळीनंतर रोप टाकेपर्यंत.

लोक यायचे. "वहिनी, मूठभर बी द्या की." कुशाबाई मूठभर द्यायची. पैसा घ्यायची नाही. अट एकच, पुढच्या उन्हाळ्यात आपलं बी धरायचं आणि तिची मूठ परत करायची. शेजारच्या गावचे बबनराव बी घेऊन गेले, तळेगावाकडचे अर्जुनराव गेले, आणखी कितीतरी जण गेले. एका साली गारपिटीने कुशाबाईचे गोंडे झोडपून काढले, तेव्हा अर्जुनरावांच्या घरून मूठ आली आणि मी पुन्हा भरलो. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

पुढे दुकानात पिशवीतलं बियाणं आलं. त्याचा कांदा मोठा, लालभडक, वजनदार. लोक भुलले, त्यांचं तरी काय चुकलं? पण तो कांदा आषाढातच चाळीत पाणी सोडायचा. म्हणून निघाला की विका, मिळेल त्या भावाने विका, आणि सगळ्यांनी एकदमच विका. त्याचं बी धरावं तर पुढच्या साली एका वाफ्यात दहा तऱ्हा. म्हणजे दरवर्षी पुन्हा दुकान. कुशाबाई नाक मुरडायची, "देखणा हाय गं बाई, पण घरात टिकत न्हाई."

मग शेताच्या चारी बाजूंनी कंपन्या आल्या. कुशाबाईचा मुलगा गोरक्ष एका कंपनीत लागला. मुलगा गुणी, कष्टाळू. शिफ्ट करून दमून यायचा आणि तरी आईबरोबर पाणी धरायला जायचा. एका जेठात तो घरी आला तो वेगळीच बातमी घेऊन. गाड्या उभ्या करायला कोणाला तरी जागा हवी होती आणि त्यांचं शेत नेमकं रस्त्याला लागून.

"अकरा महिन्यांचाच करार हाय, आई," तो म्हणाला. "जमीन विकत न्हाई आपण. एक साल रान पडीक ठेवल्यासारखं समज."

"आन् बियाचं काय?" कुशाबाईने विचारलं.

"गाडगं भरलंय की काठोकाठ. बी काय पळून चाललंय व्हय?"

मित्रांनो, इथे मला गप्प बसवत नाही. कांद्याचं बी फार नाजूक असतं. ज्वारी-बाजरीसारखं ते वाट पाहत नाही. एक साल तग धरतं, दुसऱ्या साली निम्मं जातं, पुढे विचारूच नका. कुशाबाईला हे पक्कं ठाऊक होतं. मग ती का गप्प बसली? तिने मनाशी धरलं होतं, आपलं गेलं तरी बबनरावांकडे आहे, अर्जुनरावांकडे आहे. गारपिटीच्या साली नव्हतं का आलं परत? आणि मुलाचे सुजलेले पाय तिला दिसत होते. ती एवढंच म्हणाली, "एकच साल हं, गोरख्या."

शेतात मुरूम पडला, रोलर फिरला, मोठमोठ्या गाड्या उभ्या राहिल्या. चाळीत शेवटचा कांदा होता. दिवाळीला कुशाबाईने सवयीने तो निवडला, पाच पाट्या निघाल्या. पण लावायच्या कुठे? त्या पाट्या महिनाभर ओसरीत पडून होत्या. मग एकेक कांदा कालवणात गेला. तीस-चाळीस वर्षांची निवड फोडणीत करपताना मी फळीवरून पाहिली आणि त्या दिवशी कुशाबाई जेवली नाही.

अकरा महिने संपले, करार पुन्हा झाला. पुन्हा संपला, पुन्हा झाला. माझ्या तोंडावरचा लेप कोणी फोडला नाही. मला वाटायचं, मी इमानाने राखण करतोय. मुंगी आत येऊ दिली नाही, ओल लागू दिली नाही. केवढा माझा तोरा!

तिसऱ्या पावसाळ्यानंतर गाड्या दुसरीकडे गेल्या आणि रान मोकळं झालं. गोरक्षने सुट्टी काढली, ओव्हरटाइमवर पाणी सोडलं, मशीन लावून एका कोपऱ्यातला मुरूम खरवडला, शेणखत टाकलं. आईसाठी एवढं करायचंच असं त्याने ठरवलं होतं. कुशाबाईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिने माझा लेप फोडला, शंभर दाणे मोजले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले. रोज सकाळी ती फडकं उघडायची. पाचव्या दिवशी काही नाही. आठव्या दिवशी काही नाही. बाराव्या दिवशी फडक्याला बुरशी आली.

"अजून शंभर घाल की," गोरक्ष म्हणाला. तिने घातले. त्यातलाही एक दाणा फुटला नाही.

मित्रांनो, ते बी माझ्या पोटात मेलं होतं. कधी मेलं, मला कळलंसुद्धा नाही. मी त्याला मुंगीपासून वाचवलं, ओलीपासून वाचवलं, आणि दिवसांपासून काही वाचवू शकलो नाही. मला माझीच लाज वाटते.

"उद्या दुकानातनं पिशवी आणतो," गोरक्ष हळूच म्हणाला.

"त्ये माझं न्हाई," कुशाबाई म्हणाली. "गाडी काढ. लोकांकडं आपल्या मुठी हायेत."

तिने मला कापडी पिशवीत घातलं, वरचं थोडं बी बाजूला काढून नव्या बियाच्या पुरचुंडीला जागा केली आणि गाडीवर मला मांडीत धरून बसली. आधी बबनरावांकडे. त्यांच्या रानात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या. "वहिनी, चार सालं झाली कांदा लावून," ते म्हणाले. त्यांनी आणखी तिघांची नावं सांगितली. तिघांकडेही पिशवीचं बियाणं. शेवटी राहिले अर्जुनराव. वाटेत गोरक्षने दोनदा गाडी थांबवून विचारलं, "पाणी पितेस का?" ती दोन्ही वेळा नाही म्हणाली.

अर्जुनराव घरीच होते. शेती अजून करत होते, हे बांधावरूनच दिसत होतं. कुशाबाई घाईघाईने उतरली. बसायच्या आधीच म्हणाली, "दादा, आपल्या गरव्याचं मूठभर बी द्या. माझं मेलं."

अर्जुनरावांनी पायरीवरचं सामान बाजूला सारून तिला बसायला जागा केली.

"काय सांगताय, ताई?" ते म्हणाले. "आमी दोन सालं झाली बी धरलंच न्हाई, पिशवीचंच लावतो. अवकाळीनं गोंडे कुजले. म्हटलं, कशाला घोर करायचा? कुशाताईकडं असंलच की. आमी तर तुमच्याच भरवशावर व्हतो."

कुशाबाई पायरीवर बसली. "आन् मी तुमच्या," ती म्हणाली.

गोरक्ष तिच्याजवळ उकिडवा बसला. "आई, माझं चुकलं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुजं एकट्याचं न्हाई, बाबा," ती म्हणाली. अर्जुनरावांच्या घरातून चहा आला. तो कोणी प्यायला नाही.

परत येऊन तिने मला फळीवर ठेवलं. आतलं बी तिने टाकून दिलेलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. तयार केलेला कोपरा अजून तसाच आहे, त्यात गवत उगवलंय.

मित्रांनो, जुनी माणसं आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी तसं म्हणणार नाही. मला सांभाळून काय मिळणार? माझ्या पोटातल्या बियाला आता कोणीच उठवू शकत नाही. पण तुमच्या गावात कोणी आजी, कोणी मामा अजून स्वतःचं बी धरत असतील. त्यांच्याकडे ते असेलच, असं म्हणून घरी बसू नका. या हंगामातच जा, मूठभर मागा. आणि आणलंत की माझ्यासारख्या गाडग्यात ठेवू नका. पेरा.