सातवा प्रश्न

हेमिश पेल गोड बोलायचा, आणि मॉयरा ट्रेगेन्झाला नेमका त्याचाच संशय येत होता. आखाताकाठच्या, पोलाद कारखान्याच्या गावात, सरकारी मानसिक आरोग्य केंद्रात ती बावीस वर्षं नर्स होती. आता राज्यभरच्या केंद्रांत संशोधनातून सिद्ध झालेली एकच पद्धत लागू झाली होती. पेशंटच्या परवानगीनं बोलणं रेकॉर्ड करायचं. ठरलेले प्रश्न विचारले की नाही, ते अ‍ॅडलेडहून आलेला हेमिश ऐकणार आणि गुण देणार.

"हे गुण वरती जातात का रे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"नाही हो. फक्त तुमच्या उपयोगासाठी आहेत."

तिला ते पटलं नव्हतं. कारखान्यातून तिच्या नवऱ्याला घरी बसवलं, त्याआधीही असाच एकजण वही घेऊन हसत फिरत होता.

गुरुवारी सकाळी हेमिशनं तिला घाईनं बोलावलं. रेकॉर्डिंग मंगळवारचं होतं, ड्राझेन कोव्हाचिचचं. बायको गेल्यापासून नऊ वर्षं तिच्याकडे येणारा, भट्टीवरून निवृत्त झालेला माणूस.

"सातवा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. जीव द्यावासा वाटतो का, हा."

"ड्राझेनला? उठून चालता होईल तो! यादी वाचून माणूस कळत नाही, बाळा."

हेमिशनं बटण दाबलं.

"कबुतरं शेजारच्या स्टॅनला देऊन टाकली सगळी," ड्राझेनचा आवाज आला. "आता माझ्यावाचून कुणाचं अडायचं नाही."

आणि लगेच तिचा स्वतःचा, हसरा आवाज, "बरं केलंस, तेवढीच घाण काढायची वाचली! गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

कबुतरं का दिली, ते मॉयराला आत्ता कळलं. तरी तोंडातून निघालं ते भलतंच. "मला अडकवायला मुद्दाम हेच शोधलंस ना?"

"आत्ताच ऐकलं मी. भांडण नंतर करू. ड्राझेन फोन उचलत नाहीयेत."

दोघं गाडीनं त्याच्या घरी गेली. ड्राझेन घरामागे रिकाम्या खुराड्यापाशी बसला होता. हेमिशकडे पाहून म्हणाला, "हा कोण? पोलीस आणलास होय?"

"तू गाडीत थांब," तिनं हेमिशला सांगितलं आणि उलट्या बादलीवर बसली. मग तिनं तो यादीतला प्रश्न विचारलाच. "ड्राझेन, जीव द्यायचा विचार करतोयस का?"

तो उठून गेला नाही.

"हो," तो म्हणाला. "मंगळवारी सांगणारच होतो. पण तू गोळ्यांचं काढलंस."

"चुकले रे मी."

दुपार होईतो तिनं आणि ड्राझेननं मिळून लिहून काढलं: पुन्हा तसा विचार आला की आधी काय करायचं, कुणाला बोलवायचं. पर्थला राहणाऱ्या त्याच्या मुलीला फोन लावला, तेव्हा ड्राझेन रडला. मग त्याला डॉक्टरांकडे नेलं. मुलगी येईपर्यंत तो वॉर्डात राहिला, आणि बचावला.

सोमवारी मॉयरा हेमिशच्या खोलीत गेली. "गुण वरती जात नाहीत, हे तू मला लिहून द्यायचंस. तुझ्यावर माझा अजून काडीचा विश्वास नाही."

"देतो. आणखी काही?"

"माझी जुनी रेकॉर्डिंगं दे. सगळी."

ती दार लावून ऐकत बसली. पहिली दोन ठीक होती. तिसऱ्याच्या मध्येच पुन्हा तिचं स्वतःचं तेच हसणं आलं; तिनं यंत्र बंद केलं आणि त्या पेशंटला फोन लावायला घेतला.