कुंकवाचा गंज

आश्विनातलं ऊन समुद्रावर सांडलं होतं. पीतप्रखर, दाहक, डोळ्यांत खुपणारं. लाटांवरून येणारा लवणभरला वारा त्या किनाऱ्यावरच्या लोखंडाचा जन्माचा वैरी होता. खिळा म्हणू नका, कुंपण म्हणू नका, विहिरीवरचा रहाट म्हणू नका. त्याने काहीच सोडलं नव्हतं.

गाडीही सोडली नव्हती. आप्पा पाटकरांची मॉरिस, एकेकाळची श्यामलकांती, घरामागच्या मांगरात गवताच्या भाऱ्यांशेजारी गंजून कषायवर्णी होऊन वर्षानुवर्षं उभी होती. पण वाऱ्याला तरी किती दोष द्यायचा? ती कुजली नव्हती, कुजवली होती.

विशीतल्या कुमुदिनीने, आप्पांच्या मुलीने, एका दुपारी ती गाडी एकटीने खाडीपर्यंत नेली आणि खळखळून हसत परत आणली. ते हसू आप्पांना झोंबलं. त्याच संध्याकाळी किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला लटकली, ती कायमची. पोरीच्या हाती जाण्यापेक्षा गाडी उभी राहिलेली बरी! मग गाडी कुणीच चालवली नाही. दर दसऱ्याला पूजा मात्र झाली. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, त्याच जागी, दरवर्षी त्याच जागी. त्यावर नारळाचं पाणी. त्यावर झेंडूचा हार, सुकेपर्यंत नव्हे, सडेपर्यंत. पूजा, पूजा, नुसती पूजा.

आप्पा गेले, तेव्हा थोरला भाऊ भालचंद्र मांगराकडे बोट दाखवून कुत्सित हसला. "ता भंगार व्हया तर घेवन जा, कुमे."

तिने नेलं. नवऱ्यामागे त्याचं गॅरेज तीच चालवत होती. पावसाळाभर बाहेर आभाळ कोसळत राहिलं आणि आत ती घासत राहिली. गोठलेल्या इंजिनाला तेल पाजलं, अडकलेले पिस्टन ठोकून सोडवले, तळाचा पत्रा कापून नवा जोडला. हातांची सालटं निघाली. प्रत्येक घावाबरोबर ती आप्पांशी भांडत होती, आणि आप्पा उत्तर द्यायला नव्हते, याचा तिला फार राग येत होता.

एके दिवशी बॉनेटवरचा जुना रंग खरवडताना खालून स्वस्तिक उगवलं. गंजाने कोरलेलं, चारी बाहू पसरलेलं, आरपार. तिने बोट घातलं, ते पलीकडून निघालं. इतकी वर्षं हात जोडून माणसांनी गाडी खाल्ली होती. कुमुदिनी रडली नाही. तिने तेवढा पत्रा कापून कोनाड्यात ठेवला.

दसरा आला. रंगलेली, कृष्णोज्ज्वल मॉरिस गॅरेजच्या दारात उभी होती, पहिल्या फेरीला सज्ज. आणि समोर भालचंद्र! अंगावर रेशमी सोवळं, हातात पूजेचं ताट, ताटात ओलं कुंकू.

"गाडी घराण्याची. पूजा मीच करतलंय," तो म्हणाला. "मगे चावी माका दी."

कुमुदिनीच्या डोक्यात सणक गेली. कालचं भंगार आज घराणं झालं होतं. ती आत गेली, कोनाड्यातला पत्रा आणला आणि त्याच्या ताटात ठेवला.

"ही तुझ्या वाटणीची गाडी. तुमच्या पूजेनच खाल्ल्यान तिका."

भालचंद्राचा चेहरा काळवंडला. "आप्पा असते तर..."

"बाजूक हो, दादा."

तो हलला नाही. ती आत बसली, किल्ली फिरवली. मॉरिस खोकली, थरथरली, गरजली. तिने क्लच सोडला. बंपर सोवळ्याला टेकला, तरी तिचा पाय ब्रेककडे गेला नाही. अखेर भाऊच उडी मारून बाजूला झाला. ताट हिंदकळलं. गंज कुंकवात मिसळला, आणि कोणतं काय ते त्यालाही कळेना.

ती खाडीपर्यंत गेली. तोच उतार, तेच खारफुटीचं रान, तेच चंदेरी पाणी. तिने इंजिन बंद केलं आणि वाट पाहिली.

गाडी परत मिळाली होती. विशीतलं ते हसू मात्र आलं नाही. नव्या काळ्या रंगावर, कणाकणाने, खारा वारा येऊन बसत होता.