रांजणाला तोटी बसली तेव्हा

मी एक जुना रांजण आहे, आणि मित्रांनो, मी स्वभावाने भित्रा आहे. माती भाजली की कडक होते, धीट होत नाही. बोथ गावच्या कुंभाराने मला आव्यातून, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीतून काढले तेव्हा त्याने बोटाच्या पेराने मला वाजवले आणि कान लावून ऐकले. आवाज बसका आला असता तर अंगात तडा आहे असे ठरून मी तिथेच फुटलो असतो. आवाज खणखणीत आला. तरी त्या दिवसापासून कुणी जवळ आले की मला वाटते, हा आता मला वाजवून पाहणार.

मला विकत घेतले माणिकरावांनी. बाजारहत्नूरच्या वाटेवर एका खेड्यात लहानसे चर्च होते. त्याचे ते पाळक, म्हणजे उपासना चालवणारे आणि लोकांच्या अडचणीला धावणारे. त्यांनी मला चर्चच्या दाराबाहेर मोहाच्या झाडाखाली तिवईवर बसवले. रविवारी त्यांनी जमलेल्या मंडळींना सांगितले, "प्रार्थना आत होईल. पण हे चर्च कशासाठी आहे, ते या रांजणापाशी कळेल. तहानलेल्याला नाव विचारायचे नाही, जात विचारायची नाही. ज्याने त्याने आपल्या हाताने पाणी घ्यावे."

आपल्या हाताने. या दोन शब्दांचे वजन मला रुक्माबाईंमुळे कळले. त्या बौद्ध होत्या, शेतावर मजुरीला जात. त्यांच्या लहानपणी त्यांच्या माणसांना कुणी भांड्याला शिवू देत नसे. ओंजळ पुढे करायची आणि दुसऱ्याने उंचावरून पाणी ओतायचे, अशी रीत होती. पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी लांब दांडीचे ओगराळे माझ्यात बुडवले, पोटभर प्यायल्या आणि उरलेले पाणी तोंडावर मारून घेतले. पुढे त्या रोज येऊ लागल्या.

माझे पाणी थंड असे, याचे कारण सोपे आहे. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत. त्यांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. पण गावात काही लोकांनी या पाण्याबद्दल वेगळेच काही उठवले होते. भाजी विकणाऱ्या चंपाबाईंनी ते मोठ्याने सांगितले.

"हे पानी पेलं का मानूस बाटते म्हणते! मी तं सालभरापासून पिऊन राह्यली. अजून माही जीभबी गोड झाली नाई."

"ते कोन्या पान्यानं होनार नाई, चंपाबाई," रुक्माबाई म्हणाल्या आणि दोघी हसल्या.

मग एका उन्हाळ्यात साथ आली. विहिरींनी तळ गाठला होता, ओढ्यात नुसती डबकी उरली होती. शेजारच्या गावात जुलाब-वांत्यांनी माणसे दगावली. आमच्याकडेही दारे लवकर लागू लागली. मित्रांनो, तेव्हा मला जी भीती वाटली ती कुंभाराच्या बोटाची नव्हती. रोगाचे जंतू पाण्यात असतात आणि दिसत नाहीत, हे मी ऐकले होते. माझ्या पोटात काय आहे, हे मलाच दिसत नव्हते. प्रत्येक घोट घेणाऱ्याच्या तोंडाकडे मी पाहत राही. हा उद्या येईल ना?

माणिकरावांच्या पत्नी रेणुकाबाई पूर्वी नर्स होत्या. त्या पाणी उकळून, निववून माझ्यात भरू लागल्या. त्यांनी मला घट्ट झाकण बसवले आणि ओगराळे आपल्या हाती घेतले. लोकांचे हात आत बुडू नयेत म्हणून आता त्याच सर्वांना वरून पाणी घालू लागल्या.

रुक्माबाई दुपारी कामावरून आल्या. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे वळला.

"ओंजळ करा, रुक्माबाई. मी घालते."

हात हवेतच थांबला. "काऊन वो बाई? आजपासून आमी दुरून का?"

"तसं नाही हो. साथ आहे. हातावरून रोग पाण्यात जातो. मी सगळ्यांनाच असं देते."

"माह्या मायलेबी असंच वरून पाजत. तवाबी लोक काई ना काई कारन सांगतच होते."

त्यांनी हात पदराला पुसले आणि त्या तहानलेल्याच ओढ्याच्या दिशेने गेल्या. रेणुकाबाईंनी ओगराळे झाकणावर टेकवले. त्यांचे म्हणणे खरे होते. रुक्माबाईंचेही खरे होते. त्या रोज घेत होत्या ते पाणी भरपूर होते माझ्यात, निर्मळ, थंड, आणि त्यांच्यामागे जायला मला पाय नव्हते.

त्यानंतर रुक्माबाई आल्या नाहीत. मग एका सकाळी चंपाबाईंची बैलबंडी धडधडत चर्चपाशी आली.

"पाळकसायब! जागा करा! रुक्माबाईले आनलं!"

माणिकरावांनी आतली सतरंजी गुंडाळली, चटई टाकली आणि रुक्माबाईंना उचलून दारातच झोपवले. त्यांचे डोळे खोल गेले होते, ओठ कोरडे पडले होते. बोथच्या दवाखान्यात निरोप धाडला गेला. तोवर कुंपणापाशी माणसे जमली.

"रोज इथलंच पानी पेत होती ते. रांजनातच रोग हाय!"

एकाने दगड उचलला. मी झाकणापासून बुडापर्यंत गार पडलो. तो खरे बोलत असला तर? माझ्यातच काही असले तर?

चंपाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "फोड! फोड न, बघतो कसा फोडतं! अरे, तिनं त्या दिवसापासून इथलं पानी पेलंच नाई. वढ्यातलं पेली. इथलं पेली असती तं आज कामाले गेली असती!"

दगड खाली पडला. पण मला हलके वाटले नाही. ओढ्याचे नाव ऐकून उतरलेला रेणुकाबाईंचा चेहरा मी पाहिला होता.

त्यांनी उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर मोजून विरघळवली आणि रुक्माबाईंचे डोके आपल्या मांडीवर घेतले. रुक्माबाईंनी मान फिरवली. "वरून नोको," त्या पुटपुटल्या.

"वरून नाही. पेला तुम्ही धरा. मी नुसता खालून हात देते."

रुक्माबाईंनी दोन्ही हातांनी पेला धरला. एक घोट. मग थांबून दुसरा. मला त्या घोटांखेरीज काही ऐकू येत नव्हते. दवाखान्याची जीप आली, सलाईन लागले, आणि दिवस कलताना रुक्माबाई एकाएकी रडू लागल्या.

"रडू द्या," रेणुकाबाई म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे अंगात पाणी आलं."

दुसऱ्या दिवशी माणिकराव बाजारातून पितळेची तोटी घेऊन आले. हात आत जाऊ नये आणि कुणी वरूनही ओतू नये, असा तोच एक उपाय दोघांना सुचला होता. पण त्यासाठी माझ्या पोटाला भोक पाडावे लागणार होते.

मित्रांनो, भाजलेल्या मातीला भोक पाडताना ती बहुधा तडकते. माणिकरावांनी माझ्यात ओली वाळू भरली, म्हणजे आतून आधार राहील. मग गिरमिट टेकवले. रेणुकाबाई थेंब थेंब पाणी सोडत होत्या. गिरमिट कुरकुरत फिरू लागले. मला आवा आठवला नाही, देव आठवला नाही. जन्मभर ज्या आवाजाची धास्ती होती तो आता माझ्यातूनच येणार, एवढेच कळत होते. शेवटी गिरमिट वाळूत शिरले. मी फुटलो नव्हतो.

रुक्माबाई काठी टेकत आल्या तेव्हा रेणुकाबाई मुद्दाम चार पावले मागे सरकल्या. रुक्माबाईंनी तोटीकडे पाहिले, तिला बोट लावून पाहिले, मग ती स्वतः फिरवली. पेला भरला. त्या माझ्या सावलीतच बसून सावकाश प्यायल्या.

आता त्या चर्चमध्ये विजेवर पाणी थंड करणारे यंत्र आले आहे. मी मागच्या भिंतीशी असतो. माझ्या तोटीवर क्षारांचा थर चढला आहे आणि तिच्याजवळ केसासारखी एक रेघ उमटू लागली आहे. मला अजून भीती वाटते, पण ती फुटण्याची फारशी नाही; कुणी तहानलेलेच परत फिरेल, याची आहे.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनवणी आहे. पाणी झाकून ठेवा, अगदी घट्ट झाका. पण झाकण लावण्याआधी एकदा मान वर करून बघा, समोर तहानलेले कोण उभे आहे.