दहावी सही

मंगळवारी सकाळी मी दफनभूमीतले गवत कापत होतो. वेदरकोट या आमच्या इंग्लंडमधल्या गावच्या पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे ग्रामपंचायतीचे, ते कंत्राट माझ्याकडे आहे. गावच्या कारभाराचा वाटा प्रत्येकाच्या घरपट्टीत असतो. जिल्हा तो वसूल करून कौन्सिलला देतो, आणि त्यातून बाकांना रंग, रस्त्याला दिवे, मला मजुरी. गल्लीच्या टोकाला गाडीघरात राहणारी मर्सी लव्हरिजही वीस वर्षे हा वाटा भरत होती. पैसे घेताना तिचे जिप्सी असणे कोणाला खुपले नाही.

मार्चमध्ये मात्र कौन्सिलने ठराव केला की, दफनभूमीत जागा फक्त पक्क्या घरात राहणाऱ्यांना. चार विरुद्ध तीन. रोख कोणावर होता हे सगळ्यांना ठाऊक होते. मर्सीचा नवरा नोआ कर्करोगाने अंथरुणाला खिळला होता. सहाव्या वर्षी गेलेली त्यांची मुलगी रूबी इथेच पुरलेली आहे. तिच्या शेजारी जागा मिळावी, एवढेच त्याचे मागणे होते.

मर्सी सभेला गेली. लोकांना बोलायला तीन मिनिटे देतात. अध्यक्ष जेराल्ड पिम सारा वेळ घड्याळाकडे बघत होता.

"बाई, चाकांवरच्या घराला आम्ही घर कसं म्हणायचं?" तो म्हणाला.

"बिल पाठवताना म्हणता, तसंच."

कोणी हसले नाही. ठराव कायम राहिला.

पुढच्याच महिन्यात ठरावाच्या बाजूचा एक सदस्य गाव सोडून गेला. अशा वेळी फलकावर सूचना लागते. चौदा दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली, तर निवडणूक होते. नाहीतर उरलेले सदस्य आपल्यातलाच कोणीतरी आणून बसवतात. तीस वर्षांत आमच्या गावाने अशी मागणी कधी केली नव्हती. भांडण नको, या गोंडस नावाखाली आम्ही सगळा कारभार पिमच्या गोतावळ्याला आंदण दिला होता. मर्सीने उभे राहायचे ठरवले. ती निवडून आली असती, तर ठराव फिरला असता.

ती दारोदार हिंडली. लोकांनी चहा पाजला, नोआची चौकशी केली आणि पेन मात्र हाती घेतले नाही. तरी नऊ सह्या जमल्या. शेवटच्या संध्याकाळी ती माझ्या दारात आली. माझी बायको जीन ताटे मांडत होती. तिने तिथूनच मला डोळ्यांनी खुणावले.

"मर्सी, मला यात ओढू नकोस," मी म्हणालो. "कंत्राट जाईल. पोटावर पाय येईल माझ्या."

"कीथ, तुझ्या बापाला खांदा द्यायला नोआ होता."

तिने कागदाची घडी घातली आणि ती गेली. मी भ्याड होतो. दुसरे नाव त्याला नाही.

पिमचा मेहुणा बिनविरोध सदस्य झाला. जूनमध्ये नोआ वारला, आणि बारा मैलांवर शहरात त्याला पुरले.

त्या मंगळवारी मर्सी रूबीपाशी फुले ठेवायला आली. मी यंत्र बंद केले, टोपी काढली. कुठून धीर आला कोण जाणे, पण म्हणालो, "पुढच्या वेळी पहिली सही माझी."

तिने गुडघ्यावरची माती झटकली.

"कर," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी मी नोआ कुठून आणू?"