पाचव्या फाऊलनंतर चौघी

सून माझी गुणाची, पण डोक्यात एकच खूळ: बास्केटबॉल. लग्न झालं, पोर झाली, तरी खूळ काही जाईना. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उपसायच्या आणि रविवार उजाडला की विभागाच्या महिला लीगमध्ये धावायचं. आणि मी? मी वर्षभराची नात मांडीवर घेऊन कडेच्या बाकावर बसायचं. माझे गुडघे काय भाड्याने आणलेत?

हंगाम सुरू होतानाच मी तिला ठणकावलं, "यंदा तुमचा संघ शेवटचा येऊन खालच्या गटात गेला, तर बूट कायमचे काढायचे."

मला वाटलं, रडेल, नवऱ्याचे कान भरेल. माझा लेक ट्रकवर असतो, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ही एवढंच म्हणाली, "चालेल, आई. दिला शब्द."

पहिले सामने मी नातीचा शेंबूड पुसण्यात काढले. मग एकदा गलका झाला म्हणून मान वर केली, तर माझी सून हवेत! अगं बाई! माळ्यावरचा डबा काढायला स्टूल मागणारी ही, आणि इथे रिंगपाशी अशी तरंगतेय की खाली यायचं विसरलीच. मी इतक्या जोरात "आई गं" म्हटलं की नात दचकून रडायला लागली. त्या दिवसापासून मी सामन्याला वेळेआधी निघायला लागले. घरी मात्र अवाक्षर काढलं नाही. तोरा सांभाळायला नको?

संघ तसा बेताचाच. सगळ्या धुलाईघरातल्या. सराव मागच्या अंगणात चालायचा, तिथे पंच कुठला? म्हणून त्यांच्या मुकादम बाईंनी, प्रशिक्षकही त्याच, नियम घातला होता: जिचा धक्का लागला तिनेच हात वर करायचा. कुणी बघो न बघो. वर्षानुवर्षं हेच अंगवळणी पडलेलं.

शेवटचा सामना आला तेव्हा खालून पहिले दोन संघ समोरासमोर होते. हरेल तो खालच्या गटात. आमच्या सहाच जणी आल्या. एक घोटा सुजून घरी, बाकीच्या ड्यूटीवर. त्यात लंबूचे, म्हणजे आमच्या सगळ्यात उंच पोरीचे, पाच फाऊल झाले आणि ती बाहेर बसली. मैदानावर उरल्या पाच, बदली कुणी नाही. तरी आम्ही दोन गुणांनी पुढे! माझ्या सुनेचे चार फाऊल झालेले, आणि मी देवाचं नाव घेत बसलेली.

समोरच्या मुलीने रिंगखालून चेंडू टाकला, सून आडवी गेली, चेंडू हुकला. पंचाच्या पुढ्यात दुसरीच पोरगी होती, त्याला काही दिसलं नाही. शिट्टी नाही, काही नाही. आणि माझ्या सुनेचा हात वर!

पंच गोंधळला. मग त्याने शिट्टी फुंकली. पाचवा फाऊल.

ती माझ्याशेजारी येऊन बसली, तेव्हा मी तिला फाडून खायचीच बाकी होते. "अकलेचा कांदा! त्याने बघितलं नव्हतं!"

"तिच्या कोपराला लागला होता माझा हात," ती धापा टाकत म्हणाली. "कळायच्या आत वर गेला, आई."

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय घालवून बसलो ते तिला पुरतं कळलं होतं.

त्या मुलीने दोन्ही फ्री थ्रो घातले. बरोबरी. आता पाचांसमोर आमच्या चार. मुकादम बाईंनी ओरडून एवढंच सांगितलं, "चादर धरा!"

धुलाईघरात मोठी चादर चौघी मिळून घडी करतात. बोलत नाहीत, बघत नाहीत. एक पुढे आली की दुसरी आपोआप मागे सरते. अगदी तशा त्या चौघी रिंगखाली चार टोकांना उभ्या राहिल्या. चेंडू इकडे गेला की चौघी इकडे, तिकडे गेला की तिकडे, मधे कुठे सुरकुती नाही. समोरच्या पाच जणींना आत पाऊल ठेवता येईना. आमची ठेंगणी चिमणी तर तिच्याहून डोकंभर उंच पोरीच्या हाताखालून चेंडू काढून घेऊन पळाली. समोरच्या संघाची माणसंसुद्धा उभी राहिली. एवढ्या आयुष्यात असं काही मी बघितलं नव्हतं, शपथेवर सांगते. मी सुनेचा हात घट्ट धरला होता, हे मला नंतर कळलं.

अगदी शेवटी त्यांच्या एकीने लांबून, जीव खाऊन चेंडू भिरकावला. रिंगवर दोनदा आपटला आणि आत पडला. वेळ संपली.

हरलो. पण टाळ्या काही थांबेनात, आणि त्या चौघींना उभंही राहवेना, जमिनीवरच बसल्या.

सुनेने वाकून नाड्या सोडल्या, बूट पिशवीत घातले आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली. डोळ्यांत टिपूस नाही. "घ्या, आई."

"चल गं! रागात बोलले होते मी. खेळ पुढच्या वर्षी."

"नाही. शब्द म्हणजे शब्द."

मी हबकलेच. कुणी न बघितलेला फाऊल जी स्वतः सांगते, ती स्वतःला अशी सूट थोडीच देणार? मी परवानगी देऊन भागणार नव्हतं. माझा तोरा माझ्याच घशात अडकला. नात पिशवीतली नाडी ओढत होती, आणि मला हुंदका आला, चारचौघांत, एवढ्या म्हातारीला.

"तुझ्यासाठी नाही म्हणत गं," मी म्हणाले. "मला बघायचंय. तू नाही खेळलीस तर मी रविवारी काय बघू? तुझ्या पाया पडते, खेळ."

तेव्हा कुठे ती रडली.