पाचवे उत्तर

"चौदा विद्यार्थ्यांची इंग्रजीची उत्तरे शब्दशः सारखी असल्याने संबंधित विषयशिक्षकांनी त्यांना प्रश्नपत्रिका आधीच पुरवली, हे सिद्ध होते."

चौकशी समितीच्या पत्रातले हे वाक्य. 'सिद्ध होते' इतक्या स्वस्तात मिळत असेल, तर न्यायालये कशाला उघडी ठेवावीत, असा प्रश्न वारंगा फाट्याजवळच्या शाळेतल्या सोमेश्वर सरांना पडला. संबंधित विषयशिक्षक तेच. परीक्षेत 'ॲक्युझेशन', म्हणजे आरोप, या शब्दासोबत येणारी चार क्रियापदे मागितली होती. चौदा जणांनी पाच लिहिली होती: मेक, फेस, डिनाय, प्रूव्ह, विथड्रॉ. फुटलेली प्रश्नपत्रिका ज्याच्या हाती आहे, तो चार मागितल्यावर पाच कशाला लिहील? समितीतल्या तिन्ही विद्वानांना ही शंका शिवली नव्हती. निकाल मात्र तत्परतेने अडवले होते, आणि त्या चौदांतल्या दिपाच्या नर्सिंग प्रवेशाची मुदत शुक्रवारी संपत होती.

बुधवारी सुनावणी झाली. दिपासोबत तिची आजी पारुबाई तांड्यावरून आली होती. हे पाचवे कुठून आले, असे अध्यक्षांनी विचारले. सरांनी घसा साफ करेपर्यंत पाचही शब्दांचे अर्थ नातीकडून ऐकून पारुबाई मोकळी झाली होती.

"ते आमचं हाय, साहेब. सरायनं वर्गात तशीच बैठक भरवून पोरायला शिकवलं. तांड्यात बैठक बसली का आधी आरोप करा लागते. ज्याच्यावर केला त्यानं समोर उभं राहा लागते. त्यो न्हाई म्हणला तर दाखवून द्या लागते. अन् न्हाई दाखवता आलं, तर समद्यायसमोर मागं घ्या लागते. त्याच्याबगर कोणी उठत न्हाई. तुमी कसे उठता?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग आरोप मागे घेत असल्याचे तिघांच्या सहीने लिहिले, आणि पारुबाईने सांगितल्यावर मोठ्याने वाचूनही दाखवले. निकाल त्याच दुपारी सुटले.

फाइल बंद करण्यापुरता सरांचा जबाब हवा होता. एक ओळ पुरली असती. पारुबाई शेजारच्या खुर्चीवर पदर सावरत बसली होती. सरांनी लिहिले:

"प्रश्नपत्रिका मी दिली नाही. परंतु वर्गात बैठक भरवून हे शब्द शिकवण्याची पद्धत माझी आहे, असे मी गेल्या वर्षी शिक्षक प्रशिक्षणात सांगितले आणि त्याबद्दल शाल स्वीकारली, ते खोटे होते. दिपा शाळेत का येत नाही हे विचारायला मी तांड्यावर गेलो, तेव्हा पारुबाईंनी मला बैठकीत बसवून घेतले. मी तिथे शिकलो आणि त्यांचे नाव घेतले नाही. शाल त्यांची आहे. आज माझी नोकरी राहिली, तीही त्यांच्यामुळेच."