वाटेतलं सामान

सासूबाई सामान धरून चालतात, हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. पलंगावरून उठल्या की खुर्चीची पाठ, मग टेबल, मग कपाटाची कड, मग दाराची चौकट. हात इतका सहज टेकवायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, धूळ बघताहेत. नवऱ्याला तसंच वाटायचं. माझ्या प्रत्येक कामात खुसपट काढण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे ते शोभूनही दिसायचं.

मागच्या महिन्यात त्या बाथरूममध्ये पडल्या, म्हणून दवाखान्यातून सिस्टर घर बघायला आली. सैल चपला, ओली फरशी, झोपेची गोळी, चष्म्याचा जुना नंबर, सगळं तिनं लिहून घेतलं.

"साबणावरून घसरले हो," सासूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "चालायला मला कुणाचा आधार लागत नाही."

"छान. सोमवारी चालवून बघते. नाही जमलं तर दिवसभर एकटं ठेवता यायचं नाही, आजी. मुलाला वृद्धाश्रमाचं बघावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि वाटेतलं सामान हलवा. पाय अडकतो."

त्यांना हे घर सोडायचं नव्हतं. मला त्या इथे नको होत्या.

रविवारी नवऱ्याला हाताशी घेऊन मी खुर्ची, टेबल, कपाट, सगळं पलीकडच्या भिंतीला लावलं. सासूबाई पलंगावर बसून बघत होत्या. टेबल उचललं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. राहू दे म्हणाल्या असत्या, तर का ते सांगावं लागलं असतं.

"कसं ऐसपैस झालं, नाही का आई?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

सोमवारी सिस्टर दारात उभी राहिली. "या आजी, इथपर्यंत."

दोन पावलं त्यांनी ताठ मानेनं टाकली. तिसऱ्याला हात बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

सिस्टर खाली बसली. "आजी, एरवी काही धरून चालता का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"छे," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

नवरा धावतपळत दवाखान्यात आला. रडत होता. माझा हात घट्ट धरून म्हणाला, "बरं झालं तू टेबल हलवलं होतंस. नाहीतर डोकंच आपटलं असतं तिचं."

"हो ना," मी म्हणाले.